गालापागोस, स्वस्त बोटीतून: हात कुठे आखडायचा आणि कुठे नाही

गालापागोसमध्ये प्राणी बघण्यापुरतं बोलायचं, तर रोजचे हजार डॉलर मोजणारा आणि तीनशे मोजणारा एकाच पायवाटेवर उभे असतात. कोणत्या बेटावर उतरायचं, किती वाजता, किती जणांनी आणि कोणाच्या मागून चालायचं हे बोटीचा मालक ठरवत नाही, राष्ट्रीय उद्यान ठरवतं. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटर पश्चिमेला असलेल्या या बेटांवर १९५९ मध्ये उद्यान झालं आणि आज ९७ टक्के जमीन त्याच्या ताब्यात आहे. प्रत्येक बोटीला पंधरा दिवसांच्या फेऱ्यात बसवलेला मार्ग मंजूर करून दिलेला असतो. मोजके अपवाद सोडले तर त्या फेऱ्यात एकाच ठिकाणी दोनदा जाता येत नाही. परवाना असलेल्या गाइडशिवाय किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नाही, एका गाइडमागे साधारण सोळाच पाहुणे असतात आणि बेटावर थांबायची मुभा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढीच.

त्यामुळे सोळा जणांच्या छोट्या, स्वस्त यॉटवर वाचलेला पैसा हा पलंग, आवाज, जेवण आणि आंघोळीचं पाणी यांतून वाचलेला असतो. या सगळ्याशी आठवडाभर जुळवून घेता येतं. मार्ग आणि गाइड या दोन बाबतींत मात्र तडजोड करू नये, कारण त्या चुकल्या तर बेटावर उतरूनही हवं ते दिसत नाही.

आधी मार्ग, मग बोट

बोटीचे फोटो बघून बुकिंग करणारे बरेच असतात. फोटोत डेकवरच्या आरामखुर्च्या दिसतात, पण त्या खुर्च्यांवर बसायला दिवसातून तासभरही मिळत नाही. आधी मागायचा तो तारखेनिशी, दिवसागणिक सकाळ-दुपार लिहिलेला कार्यक्रम.

आठ दिवसांच्या सफरींचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पश्चिमेचा मार्ग इसाबेलाला वळसा घालून फर्नांदिनाला जातो. उडता न येणारा पाणकावळा जगात फक्त याच दोन बेटांच्या किनाऱ्यांवर आहे आणि गालापागोसचे बहुतेक पेंग्विनही इथेच आहेत. फर्नांदिनाच्या पुंता एस्पिनोझाला काळ्या लाव्हावर समुद्री इग्वाना (मोठे सरडे) इतक्या दाटीने पसरलेले असतात की गाइड पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते बोटाने दाखवतो. दक्षिण-पूर्वेचा मार्ग एस्पान्योला, फ्लोरेआना आणि सान क्रिस्तोबाल असा. एस्पान्योलाचं आकर्षण म्हणजे वेव्हड अल्बट्रॉस. या पक्ष्याची जवळपास सगळी वीण याच बेटावर होते आणि तो एप्रिल ते डिसेंबर एवढाच काळ इथे असतो. फेब्रुवारीत फक्त त्याच्यासाठी हा मार्ग घेतला तर रिकामा कडा बघून परतावं लागतं. तिसरा प्रकार उत्तरेचा. त्यात हेनोवेसा असतं: लाल पायांचे बूबी पक्षी, फ्रिगेट पक्षी आणि भरदिवसा वादळपाखरांची शिकार करणारं आखूड कानांचं घुबड. तिथे जायला रात्रभर बोट चालवावी लागते, म्हणून चार दिवसांच्या सफरींत हे बेट क्वचितच बसतं.

चार दिवस, आठ दिवस हे आकडेही जपूनच वाचायचे. पहिल्या दिवशी विमान उतरून बोटीवर पोचेपर्यंत दुपार होते आणि एकच उतरणं पदरात पडतं. शेवटच्या दिवशी पहाटे एक छोटी फेरी होते आणि नऊच्या सुमारास सामानासकट विमानतळाच्या बसमध्ये बसवतात. म्हणजे चार दिवसांची सफर प्रत्यक्षात दोन पूर्ण दिवस आणि दोन तुकड्यांची, तर आठ दिवसांची सहा पूर्ण दिवसांची. दिवसाचा दर सारखाच असला तरी लांब सफर स्वस्त पडते ती यामुळे. काही आठ दिवसांच्या सफरी म्हणजे चार आणि पाच दिवसांच्या दोन सफरींची जोडणी असते. मधल्या दिवशी अर्धे प्रवासी उतरतात, नवे चढतात, कधी गाइडही बदलतो, आणि तो अख्खा दिवस बंदरातच जातो. जोडणीला हरकत नाही, पण ती आहे हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

कार्यक्रमात सांता क्रूझ बेटाला किती वेळ दिलाय तेही मोजावं. तिथल्या डोंगराळ भागातली महाकासवं आणि पुएर्तो आयोरा या गावातलं चार्ल्स डार्विन संशोधन केंद्र या दोन्ही ठिकाणी बोटीशिवाय, टॅक्सी करून जाता येतं. (पिंटा बेटाचं शेवटचं कासव, २०१२ मध्ये गेलेला ‘लोनसम जॉर्ज’, त्याच परिसरात जतन करून ठेवला आहे.) या दोन गोष्टींवर दोन अर्धे दिवस खर्च करणारी सफर स्वस्त वाटते, पण पेट्रोल-डिझेल वाचवण्याची ती सोयिस्कर युक्ती असते. उलट नॉर्थ सेमूर, बार्तोलोमे, साउथ प्लाझा, सांता फे इथे पुएर्तो आयोराहून दिवसाच्या बोटीही जातात आणि सान क्रिस्तोबालहून एस्पान्योलालाही जाता येतं. फर्नांदिना आणि हेनोवेसासाठी मात्र मुक्कामी बोटच लागते. बोटीवर झोपायचा खर्च वसूल होतो तो या दोन बेटांमुळे.

ऋतू आणि समुद्र

जानेवारी ते मे हा उबदार काळ. पाणी साधारण २४ ते २७ अंश, समुद्र शांत, अधूनमधून जोरदार सर आणि दुपारी कडक ऊन. हिरवी कासवं याच दिवसांत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहाचा गार काळ: आकाश ढगाळ, गारुआ नावाची भुरभुर, पाणी १८ ते २२ अंशांपर्यंत उतरलेलं. पण याच गार पाण्यात मासळी भरपूर असते, म्हणून समुद्री पक्षी जोमात असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला असतो आणि छोट्या बोटीवर त्याची झळ थेट बसते. वीस-पंचवीस मीटरच्या यॉटला लाट उचलते आणि आपटते. ज्यांना बोट लागते (मळमळतं) त्यांनी या तीन महिन्यांत स्वस्त बोटीचा मोह टाळावा आणि एप्रिल-मे बघावा.

इसाबेलाच्या पश्चिमेला खोलातून वर येणाऱ्या क्रॉमवेल प्रवाहामुळे पाणी बाकी ठिकाणांपेक्षा आणखी गार असतं. पेंग्विन विषुववृत्तावर टिकून आहेत ते त्यामुळेच. उबदार महिन्यांतही तिथल्या स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघत पोहण्याला) अंगभर वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा रबरी पोशाख, घ्यावा.

पैसे आणि कागदपत्रं

इक्वेडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो. ढोबळ हिशेब असा: तळच्या वर्गातल्या बोटीवर माणशी दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे डॉलर, त्यात जेवण, गाइड आणि उतरणं आलं. बाहेर राहतं ते विमानभाडं, वेटसूटचं भाडं, पेयं, टिप आणि सरकारी शुल्क. उद्यानाचं प्रवेशशुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना १०० वरून २०० डॉलर झालं. जुन्या लेखांत शंभरचाच आकडा दिसतो, त्यामुळे उतरल्यावर खिडकीशी गडबड उडते. हे पैसे रोख लागतात. शिवाय बेटांवर जाणाऱ्या प्रत्येकाला घ्याव्या लागणाऱ्या प्रवास-नियंत्रण कार्डाचे २० डॉलर. पाच, दहा, वीसच्या नोटा न्याव्यात. शंभरची नोट दुकानदार घेत नाहीत.

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो. २०१९ पर्यंत तो लागत नव्हता, तेव्हा त्याआधीच्या सल्ल्यांवर विसंबू नये. मुख्य भूमीवरच्या कीटो किंवा ग्वायाकिलहून बेटांवरच्या बाल्ट्रा वा सान क्रिस्तोबालला जाणाऱ्या विमानांत स्थानिकांसाठी वेगळे, स्वस्त दर असतात. संकेतस्थळावर ते सहज निवडले जातात, पण चेक-इनला पासपोर्ट बघून फरक वसूल करतात. तिकीट काढण्याआधी सफर कोणत्या विमानतळावर सुरू होते आणि कोणत्या विमानतळावर संपते तेही बघावं, कारण दोन्ही एकच असेल असं नाही.

मुख्य भूमीच्या विमानतळावर क्रम ठरलेला असतो. आधी प्रवास-नियंत्रण कार्ड, मग जैवसुरक्षा तपासणी, मग चेक-इन. तपासणीत सामान स्कॅन करून बॅगेला सील लावतात. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, माती लागलेले बूट अडवतात, म्हणून बुटांचे तळवे घरूनच ब्रशने घासून न्यावेत. रांग लांब असते. उड्डाणाच्या अडीच तास आधी पोचावं. कार्डाचा अर्धा भाग परतीच्या वेळी दाखवावा लागतो, तो पासपोर्टातच ठेवावा.

आगाऊ बुकिंग की तिथे जाऊन?

पुएर्तो आयोराच्या चार्ल्स डार्विन मार्गावर एजन्सींच्या काचांवर शेवटच्या क्षणाच्या सफरींचे कागद चिकटवलेले असतात. रिकामी राहिलेली जागा मालक पडेल त्या भावात काढतो, तेव्हा सूट खरी असते. पण त्यासाठी हातात चार-सहा मोकळे दिवस हवेत आणि त्या दिवसांच्या मुक्कामाचा खर्च सुटीतून वजा करावा लागतो. नाताळ, ईस्टर, जुलै-ऑगस्टमध्ये ही आशा बाळगू नये. सप्टेंबरमध्ये बऱ्याच बोटी दुरुस्तीला गोदीत जातात, म्हणून गर्दी कमी असूनही पर्याय थोडे असतात. तारखा पक्क्या असलेल्यांनी आगाऊच घ्यावं. नेमक्या बेटासाठी जाणाऱ्यांनीही तिथे जाऊन घासाघीस करू नये, कारण सूट मिळते ती उरलेल्या मार्गावर.

एकच जागा तीन एजन्सी तीन भावांना विकत असतात. विचारताना बोटीचं नाव, केबिनचा क्रमांक, उतरण्याचा कार्यक्रम, विमानतळावरून नेणं-आणणं, वेटसूट आणि मास्क आत धरलेत की नाहीत हे सगळं पावतीवर लिहून घ्यावं. कार्डाने पैसे दिले तर अधिभार किती तेही. दोन कलमं हमखास राहून जातात: बोट बिघडल्यास कोणत्या वर्गाची बदली बोट देणार, आणि ती खालच्या वर्गाची असेल तर फरक किती परत करणार. स्वस्त बोटीचं इंजिन बसणं ही नवलाची गोष्ट नाही. तोंडी ‘सेम क्लास’ला अर्थ नसतो.

गाइडबद्दल थेट विचारावं: त्या तारखांना कोण आहे, इंग्रजी कसं बोलतो, पूर्ण सफर तोच आहे का. बरेच गाइड बोटींवर आळीपाळीने काम करतात. ‘आमचे सगळे गाइड उत्तम’ हे उत्तर आलं की पुढची एजन्सी गाठावी.

बंदरात नांगरलेली बोट आधी बघायला मिळाली तर सोफा बघण्यात वेळ घालवू नये. वरच्या डेकवर पांढऱ्या पिंपासारखा जीवनतराफा असतो. त्याच्या पट्ट्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. ती उलटून गेली असेल तर बोटीवर बाकी काय चालतं ते कळतं. खालच्या डेकवरून वर यायला जिन्याशिवाय दुसरी वाट कुठे आहे ते विचारावं आणि ती झाकण उघडून बघावी; कधी तिच्यावर सामानाचे खोके रचलेले असतात. इंजिनं दोन आहेत की एक, पांगा दोन आहेत की एक, हेही. पांगा म्हणजे किनाऱ्यावर नेणारी छोटी मोटरबोट. सोळा जणांना एकच पांगा असेल तर प्रत्येक उतरणं दोन खेपांत होतं आणि सकाळचा चांगला उजेड वाट बघण्यात जातो.

केबिन

अशा बोटीवर साधारण आठ केबिन असतात. त्यांतल्या बऱ्याच पाण्याच्या पातळीला, खालच्या डेकवर, वर-खाली बंक आणि एक गोल खिडकी अशा. या केबिन सर्वांत स्वस्त असतात आणि लोक त्या नाइलाजाने घेतात. खरं म्हणजे बोट जिथे सर्वांत कमी हलते ती जागा खाली आणि मध्यावर असते. वरच्या डेकची मोठ्या खिडकीची केबिन दिवसा सुरेख आणि रात्री झोक्यावर. तेव्हा ज्याला बोट लागते त्याने खालची मधली केबिन मागून घ्यावी, पैसेही वाचतात. मात्र खालच्यातही फरक आहे. मागच्या बाजूला इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास. पुढच्या टोकाला पहाटे साडेपाचला नांगराची साखळी डोक्याशी खडखडत सुटते. कानात घालायचे बोळे दोन्हीकडे लागतात. गोल खिडकी बोट चालू असताना बंद करून पेच घट्ट आवळायची. उघडी राहिली तर पहिल्याच मोठ्या लाटेत गादी भिजते.

सुटकेस बंकखाली मावत नाही, मऊ पिशवी आणावी. वीज ११० व्होल्टची आणि पिन चपट्या, अमेरिकन पद्धतीच्या. केबिनमध्ये प्लग एखादाच असतो आणि जनरेटर बंद असला की तोही मुका. गोड पाणी मोजकं असतं, कारण ते समुद्राच्या पाण्यातून बोटीवरच तयार होतं किंवा टाकीत भरलेलं असतं. अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. संडासात कागद टाकला की पंप तुंबतो आणि तो काढायला इंजिनिअरला दुपारची झोप सोडावी लागते. शाकाहारींनी बुकिंगच्या वेळी लिहून कळवावं आणि चढल्यावर स्वयंपाक्याला पुन्हा सांगावं. भात, घेवड्याची उसळ, केळ्याचे प्रकार, सॅलड, अंडी एवढ्यावर आठवडा निघतो. चवीची फार अपेक्षा ठेवू नये.

बोट लागण्यावर गोळी आधी घ्यायची असते. रात्रीच्या लांब प्रवासाच्या तासभर आधी, जेवणापूर्वी. हेनोवेसा आणि एस्पान्योला हे दोन्ही मध्य बेटांपासून साधारण पन्नास सागरी मैलांवर आहेत; आठ-नऊ नॉट वेगाने साधारण सहा तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा कोणती आणि किती हे डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि एकदा घरीच घेऊन बघावी. लागायला लागलंच तर केबिनमध्ये जाऊन पडणं ही सहज सुचणारी आणि सर्वांत वाईट गोष्ट. मागच्या डेकवर, वाऱ्यात, क्षितिजाकडे बघत उभं राहावं. मोबाइल आणि पुस्तक बंद.

उतरणं

दिवस सहाला सुरू होतो. नाश्ता, आठच्या आधी पहिलं उतरणं, मग स्नॉर्केलिंग, जेवण, बोट पुढच्या ठिकाणी सरकते, पुन्हा पाण्यात, चारच्या सुमारास दुसरं उतरणं, सहाला परत. संध्याकाळी गाइड फळ्यावर दुसऱ्या दिवसाचं लिहितो: ओलं उतरणं की कोरडं. त्यावर चपला की बूट हे ठरतं.

कोरडं म्हणजे खडकावर किंवा पायऱ्यांवर. खलाशी पांगाचं नाक खडकाला टेकवून इंजिन किंचित पुढे रेटत ठेवतो. दुसरा खलाशी हात पुढे करतो. पंजा पकडायचा नाही. त्याने आपलं मनगट आणि आपण त्याचं मनगट धरायचं, कारण ओला पंजा निसटतो, मनगटाची पकड निसटत नाही. दोन्ही हात मोकळे, कॅमेरा पिशवीत. लाट पांगाला वर उचलते तेव्हा फुगीर कडेवर एक पाऊल, मग खडकावर, आणि थांबायचं नाही. उडी मारणारे पडतात. खडकाचा खालचा हिरवट-काळा पट्टा शेवाळाचा असतो, पाऊल त्याच्या वर, फिकट कोरड्या भागावर पडलं पाहिजे. साउथ प्लाझाला समुद्रसिंह धक्क्यावरच झोपलेले असतात. गाइड टाळ्या वाजवतो, ते सावकाश बाजूला होतात. त्यांना हात लावून हलवायचं नाही.

ओलं उतरणं सोपं दिसतं. पांगाच्या कडेवर बसून पाय बाहेर फिरवायचे आणि गुडघाभर पाण्यात घसरायचं. मागून लाट येते का ते खलाशी बघत असतो. त्याने ‘आत्ता’ म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. वाळूत पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत. वाळूखाली चपटे स्टिंगरे बसलेले असतात. पाय घासत आला की निघून जातात, वरून पडला की काटा मारतात.

पायवाटेच्या कडेला काळ्या-पांढऱ्या खुणेचे खुंट असतात, त्यांच्या बाहेर जायचं नाही. प्राण्यापासून दोन मीटर अंतर, फ्लॅश बंद, खाणं नाही, ड्रोन नाही. गंमत ही की अंतर माणसाने पाळायचं असतं, प्राणी ते पाळत नाहीत. निळ्या पायांचा बूबी चक्क वाटेच्या मध्यावर घरटं करतो. घरटं म्हणजे तरी काय, जमिनीवर स्वतःच्या विष्ठेचं पांढरं कडं. तिथे गाइड सगळ्यांना वळसा घालून नेतो. समुद्री इग्वानाच्या अगदी समोर बसलं तर अधूनमधून फसकन आवाज येतो आणि नाकातून बारीक फवारा उडतो: समुद्रातलं शेवाळ खाताना गेलेलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून असं बाहेर पडतं. त्याच्या डोक्यावरचा पांढरा थर म्हणजे तेच वाळलेलं मीठ. कॅमेऱ्याच्या काचेवरही ते बसतं, म्हणून काच रोज गोड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. प्राणी इतके जवळ असतात की तीनशे मिलिमीटरच्या पुढची लेन्स म्हणजे नुसता खांद्याला भार. तिच्यापेक्षा पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा उपयोगी.

समुद्रसिंहाचं एकटं पिल्लू अंगाशी येऊन पायाचा वास घेतं तेव्हा हात आवरणं अवघड जातं. आई पिल्लाला वासावरून ओळखते आणि आपला वास त्याला लागू नये, हे लक्षात ठेवून जागचं हलू नये. किनाऱ्यावर हद्दीची गस्त घालणारा नर मात्र वेगळं प्रकरण. तो भुंकत पाण्यात येरझारा घालत असेल त्या पट्ट्यात पोहायला उतरायचं नाही.

परत बोटीवर चढताना पाय आणि चपला होसपाइपने धुतात आणि चपला मागच्या डेकवरच्या पेटीत जातात. एका बेटाची वाळू आणि बिया दुसऱ्या बेटावर जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू. गेंड्यासारखे जाडजूड ट्रेकिंगचे बूट आणू नयेत, वाळत नाहीत. पट्ट्याच्या घट्ट सँडल आणि सांतियागोच्या सलिव्हन उपसागराजवळच्या धारदार लाव्हासाठी एक जोडी बंद हलके बूट पुरतात.

पाण्यात

भाड्याच्या वस्तू पहिल्या दुपारीच घालून बघाव्यात, दुसऱ्या दिवशी उरलेलं घ्यावं लागतं. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढायचा. आपोआप चिकटून राहिला तर बसतो. मिशी असेल तर वरच्या ओठाजवळून पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन. गार महिन्यांत अर्ध्या बाह्यांचा वेटसूट वीस मिनिटांत हुडहुडी भरवतो. अंगभर, निदान तीन मिलिमीटरचा मागावा, पश्चिमेला पाच.

बहुतेक वेळा पांगावरून थेट खोल पाण्यात उतरायचं असतं आणि काही ठिकाणी, फ्लोरेआनाजवळच्या डेव्हिल्स क्राउनला तर नक्कीच, ओढ जोरदार असते. तिथे प्रवाहाविरुद्ध हातपाय मारायचे नाहीत. प्रवाहाबरोबर वाहत जायचं, पांगा पुढे येऊन उचलतो. पोहता न येणाऱ्यांनी हे गाइडला पहिल्याच संध्याकाळी सांगावं. लाइफ जॅकेट घालून, गाइडने ओढलेल्या तरंगत्या कड्याला धरून शांत खाडीत तोंड पाण्यात घालता येतं. बार्तोलोमेच्या सुळक्याजवळ पेंग्विन आणि बहुतेक ठिकाणी कासवं तर पांगातूनही दिसतात. गाइडला पोहता न येणारे आधी कळले की तो दुसरा पांगा त्या बाजूने फिरवतो; पाण्याच्या कडेला आल्यावर कळले तर ते बोटीवरच राहतात.

मार्ग मध्येच बदलू शकतो. बंदर-कप्तानाच्या परवान्याशिवाय बोट निघत नाही आणि समुद्र खवळला तर तो परवानगी रोखतो. उद्यानही ठिकाणं बंद करतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला तेव्हा काही ठिकाणी उतरणं थांबवलं होतं. यावर गाइडशी वाद घालून उपयोग नाही. इंजिन बिघडून एखादं उतरणं बुडालं मात्र, तर त्याच संध्याकाळी कप्तानाकडून तसं लिहून घ्यावं, नाहीतर बंदरात परतल्यावर एजन्सी हवामानावर ढकलते.

निघताना

शेवटच्या रात्री दोन पाकिटं ठेवतात, एक गाइडचं आणि एक खलाशांचं. सक्ती नाही, पण पगार बेताचे असतात. गाइडला माणशी दिवसाला दहा डॉलर आणि बाकी सगळ्यांना मिळून तेवढेच किंवा थोडे जास्त, अशी स्वस्त बोटींवरची साधारण रीत आहे. हे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. मधल्या बेटांवर एटीएम नाही.

गालापागोसचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे आहे. मोबाइल नेटवर्कबाहेर असला की जुनीच वेळ दाखवत राहतो, तेव्हा परतीचं विमान आणि पुढचं जोडविमान यांचा हिशेब हाताने करावा आणि दोहोंमध्ये एक रात्र मुख्य भूमीवर ठेवावी. भारतात परतताना इक्वेडोर पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात आणि कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ते हँडबॅगेत, प्रवास-नियंत्रण कार्डाच्या अर्ध्या भागाशेजारी ठेवावं.